राफेल आहेच की, मग नौदलाला वेगळं राफेल कशाला?

आमच्या शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरचा ट्रॅक आहे. परभणी जिल्ह्यातलं गाव, काळी माती. पावसाळ्यात ट्रॅक चिखलात जातो आणि दिवाळीनंतर फक्की मारून पुन्हा आखावा लागतो. पहाटे भरतीची पोरं तिथं सोळाशे मीटरचा सराव करतात. त्यांच्या मागं दहावीतला एक मुलगा पळतो. त्याला संभाजीनगरच्या एसपीआयला, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटला जायचंय. ही सरकारी संस्था १९७७ पासून महाराष्ट्रातल्या मुलांकडून एनडीएची, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेते. मी त्याला विज्ञान शिकवतो. एका सकाळी फेरी संपवून तो धापा टाकत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, राफेल तर आपल्याकडं हायत की. मंग नेव्हीसाठी परत दुसरे कशाला घ्यायलेत? त्याच्यातलेच चार-सहा जहाजावर न्यायचे."

त्याची माहिती बरोबर होती. हवाई दलासाठी ३६ राफेल घ्यायचा करार २०१६ मध्ये झाला आणि पहिली पाच विमानं २९ जुलै २०२० ला अंबाल्याला उतरली. नंतर २८ एप्रिल २०२५ ला नौदलासाठी आणखी २६ राफेलचा करार झाला: २२ एका वैमानिकाची, ४ दोघांची, किंमत सुमारे ६३,००० कोटी रुपये. नाव एकच, कंपनी एकच, दिसायलाही जवळपास सारखंच. मग एवढा पैसा वेगळा का घालायचा? समुद्रापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटर आत राहणाऱ्या पोराला हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला. कारण लढाऊ विमानांची तुलना करताना भलेभले जी गोष्ट विसरतात, तिथंच त्यानं बोट ठेवलं होतं. विमान उडतं कुठून आणि उतरतं कुठं, हे आधी विचारायला हवं. बाकीचं सगळं त्यानंतर.

मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ असतात त्यांत बहुतेक वेळा सगळ्यात वर वेग असतो. मॅक २, मॅक १.८ वगैरे. मॅक म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किती पट. आता हे बघा: १९६० च्या दशकात आपल्याकडं आलेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालेलं मिग-२१ मॅक २ च्या घरात जायचं. राफेल जातं मॅक १.८ पर्यंत. अमेरिकेचं अत्याधुनिक एफ-३५ तर मॅक १.६ वरच थांबतं. नुसता वेग धरला तर निवृत्त मिग पहिला नंबर काढेल. आजच्या लढाईत आधी कोण कुणाला पाहतो आणि स्वतः किती उशिरा दिसतो, यावर निकाल लागतो. रडार, रडारला चकवणारा आकार, लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र आणि आपल्या इतर विमानांशी जोडलेली माहिती, ही खरी ताकद. वेगाचा तक्ता या बाबतीत काहीच सांगत नाही.

आता धावपट्टी. आमच्याकडच्या पोरांनी पाहिलेलं विमानतळ म्हणजे चिकलठाणा किंवा नांदेड. चिकलठाण्याची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू जहाजाची एकूण लांबी २६२ मीटर. त्यातून विमानाला उडण्यासाठी धावायला मिळतात जास्तीत जास्त सुमारे २०० मीटर. म्हणजे आमच्या ट्रॅकची एक फेरी सरळ करून पसरली तर जेवढी होईल तेवढीच. मी त्याला म्हटलं, "तू आत्ता जेवढा पळालास, तेवढ्यात वीस-बावीस टनांचं विमान हवेत गेलं पाहिजे."

हे कसं जमतं, ते आम्ही फळ्यावर मांडलं. गतीचं तिसरं समीकरण नववीत येतंच. समजा इंजिनाच्या जोरावर विमानाचा वेग दर सेकंदाला ७ मीटरनं वाढतोय. दोनशे मीटर संपताना तो सेकंदाला ५३ मीटर होतो, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. भरलेल्या लढाऊ विमानाला एवढा वेग पुरत नाही. पण इथं निसर्ग मदतीला येतो. पंखाला जमिनीशी किती वेग आहे याच्याशी देणंघेणं नसतं, अंगावरून हवा किती जोरात जाते एवढंच त्याला कळतं. म्हणून विमानं उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवतात आणि जोरात पळवतात. विक्रांतचा कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. जहाजाचे ४५ धरले, समोरून वाऱ्याचे २० धरले, तर १९० चे झाले २५५. आणि पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. त्यामुळे वरचे हे पासष्ट किलोमीटर फार मोलाचे.

पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात गेलात तर हीच गोष्ट पाखरं करताना दिसतील. वारकरी नावाचं एक काळं पाणपाखरू आहे, कपाळावर पांढरा टिळा असलेलं. जड अंगाचं आहे, जागेवरून उडता येत नाही. ते वाऱ्याकडं तोंड करतं, पाण्यावर पाय आपटत थापथाप पळतं आणि पंधरा-वीस पावलांनंतर एकदम वर उठतं. वारा पडलेला असला की त्याची धाव लांबते. मी एकदा काठावर बसून नुसती ही पावलं मोजली आहेत.

तरीही २५५ वर गणित काठावरच राहतं. ते पुढं ढकलायचे दोन मार्ग आहेत, आणि जगातल्या विमानवाहू जहाजांच्या दोन जाती यावरूनच पडतात.

एक मार्ग म्हणजे डेकच्या, म्हणजे जहाजाच्या वरच्या सपाट भागाच्या, टोकाला चढ. विक्रांतच्या डेकचं पुढचं टोक १४ अंशांनी वर उचललेलं आहे. याला स्की-जंप म्हणतात. ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर नावाच्या अधिकाऱ्यानं १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. चेंडू आडवा फेकला की लगेच खाली यायला लागतो; तोच जरा वर करून फेकला तर आधी चढतो, मग उतरतो. विमानाचंही तसंच. टोकावरून सुटताना त्याचा वेग सलग उडण्याइतका नसला तरी ते वरच्या दिशेनं फेकलं गेलेलं असतं. खाली यायला लागण्याआधी जे काही सेकंद मिळतात, त्यात इंजिन वेग भरून काढतं. साधी, स्वस्त आणि न बिघडणारी युक्ती. चढाला बिघडायला त्यात आहेच काय?

दुसरा मार्ग कॅटपल्टचा. माझ्या विद्यार्थ्यानं ऐकल्याबरोबर त्याला नाव दिलं गोफण, आणि ते चपखल आहे. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीतून दगड सोडतो तेव्हा दगडाला स्वतःची ताकद लागत नाही, गोफण ती देते. जहाजाच्या डेकखाली वाफेच्या दाबावर सरकणारा दट्ट्या असतो, तो विमानाच्या पुढच्या चाकाला धरून खेचतो. अमेरिकी जहाजांवर जेमतेम ९०-९५ मीटरमध्ये, दोन-अडीच सेकंदांत, विमान ताशी अडीचशेच्या वर जातं. वैमानिक खुर्चीत जवळपास तिप्पट वजनानं दाबला जातो. 'जेराल्ड फोर्ड' या सुमारे एक लाख टनांच्या अमेरिकी जहाजावर आता वाफेऐवजी विजेच्या चुंबकांवर चालणारा कॅटपल्ट आहे. चीननंही नोव्हेंबर २०२५ मध्ये ताफ्यात घेतलेल्या 'फुजियान'वर तोच आणला.

चढाची किंमत वजनात मोजावी लागते. चढावरून उडणाऱ्या विमानाला इंधन आणि शस्त्रं हात राखून भरावी लागतात, कारण ढकलायला फक्त त्याचं स्वतःचं इंजिन असतं. गोफणीवरून तेच विमान पोटभर इंधन घेऊन जातं. मग आपण विक्रांतवर वाफेचा कॅटपल्ट का नाही बसवला? विक्रांत चार गॅस टर्बाइनांवर चालतं. त्यात वाफ तयारच होत नाही. इंजिन निवडलं तेव्हाच वाफेच्या गोफणीचा रस्ता बंद झाला. आपलं जुनं विक्रांत, ४ मार्च १९६१ ला नौदलात आलेलं, बॉयलरवर चालायचं, आणि त्याच्यावर वाफेचा कॅटपल्ट होता. १९७१ च्या डिसेंबरमध्ये त्याच्यावरूनच सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हा त्याच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता, म्हणजे वेग कमी, म्हणजे डेकवरचा वारा कमी. वरचं गणित आठवा, म्हणजे त्या खलाशांनी आणि वैमानिकांनी काय ओढून नेलं ते कळेल.

हे जुनं विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभं असताना मी पाहिलंय. नांदेडकडून रात्रीच्या गाडीनं गेलो होतो, समुद्रही पहिल्यांदाच पाहत होतो. डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो तर तीन मिनिटंही लागली नाहीत. एवढ्यावरून युद्ध लढलं गेलं, हे पायाला कळलं तेव्हा पोटात कालवलं. पुस्तकात २१३ मीटर वाचून तसं कधी झालं नव्हतं.

चढाची आणखी एक किंमत आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती म्हणजे नजर. देवगिरीच्या पायथ्याशी उभं राहिलं तर समोरचा तट दिसतो; वर बारादरीपर्यंत चढलं की मुलूख दिसतो. रडारचंही असंच, पृथ्वी गोल असल्यानं ते क्षितिजाच्या आड पाहू शकत नाही. जहाजाच्या डोलकाठीवरच्या रडारला पाण्याला चिकटून येणारं क्षेपणास्त्र वीस-पंचवीस किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून रडार उंच न्यायचं. अमेरिकेकडं त्यासाठी हॉकआय नावाचं पंख्याचं जड विमान आहे. ते नऊ हजार मीटरवर गेलं तर क्षितिज जवळपास ३९० किलोमीटर लांब जातं. असं जड विमान चढावरून उडवणं अवघड. आपण हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरवर भागवतो. ते साडेतीन हजार मीटरवर गेलं तर क्षितिज २४० किलोमीटरच्या आसपास येतं, आणि हेलिकॉप्टर हवेत थांबतंही कमी वेळ. माझ्या मते आपल्या विमानवाहू जहाजांची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, लढाऊ विमान कुठलं घ्यायचं हा वाद त्यानंतरचा.

मग जमिनीवरूनच का नाही लढायचं? हा विचार हवाई दलाच्या बाजूनं नेहमी मांडला जातो आणि तो हलका नाही. सुखोई-३० एमकेआय हे जवळपास ३८-३९ टन वजन घेऊन उडणारं विमान आहे. एवढं ओझं आपल्या कुठल्याच जहाजावरून उडणार नाही. तमिळनाडूत तंजावरला २० जानेवारी २०२० पासून सुखोईंची एक तुकडी ठेवली आहे, ब्रह्मोस क्षेपणास्त्र घेऊन समुद्रावर जाणारी. हवेत इंधन भरलं तर ती फार लांब पोचते. पण पोचणं वेगळं आणि तिथं असणं वेगळं. पंधराशे किलोमीटरवर काही घडलं तर ताशी ९०० नं जायलाच पावणेदोन तास जातात, तेवढेच परतायला, आणि मध्ये घुटमळायला इंधन उरतं थोडं. जहाज मात्र दिवसाला सात-आठशे किलोमीटर सरकत धावपट्टीच तिथं नेतं. उलट बाजूनं हेही खरं, की जहाज बुडवता येतं, धावपट्टी बुडवता येत नाही; म्हणून त्याच्याभोवती विनाशिका, पाणबुड्या, हेलिकॉप्टरं यांचा गराडा ठेवावा लागतो आणि खर्च वाढतो. मला दोन्ही लागतील असंच वाटतं. पण आपल्या 'विक्रांत' आणि 'विक्रमादित्य' या दोन विमानवाहू जहाजांपैकी एक दुरुस्तीला गोदीत गेलं की हाताशी एकच उरतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

विमान त्याच्या धावपट्टीप्रमाणं कसं बदलतं, याचा सगळ्यात स्पष्ट दाखला एफ-३५ चा. नाव एक, विमानं तीन. ए जमिनीवरचं. सी कॅटपल्टच्या जहाजाचं, त्याच्या पंखांचं क्षेत्रफळ ए च्या जवळपास दीडपट, कारण कमी वेगात तरंगायचंय. बी उभंच्या उभं उतरतं, त्यासाठी वैमानिकाच्या मागं पोटात मोठा पंखा बसवलाय आणि तेवढी इंधनाची जागा गेली. जून २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला अडकून पडलेलं आणि २२ जुलैला परत गेलेलं ब्रिटिश विमान आठवतंय ना? ते हेच बी.

आता त्या पोराच्या मूळ प्रश्नाकडं. नौदलाचं राफेल वेगळं आहे ते मुख्यतः उतरण्यामुळं.

जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक जरा वर उचलतो आणि चाकं अलगद टेकवतो. पुढं दोन किलोमीटर मोकळे असतात, घाई नसते. जहाजावर तसं अलगद टेकायला गेलं तर विमान तरंगत पुढं जाईल आणि जागा संपेल. म्हणून ते ठरलेल्या तिरप्या रेषेत खाली येतं आणि तसंच आदळतं. खाली येण्याचा वेग सेकंदाला चार मीटर धरा. म्हणजे माल भरलेला सहाचाकी ट्रक पावणेतीन फुटांवरून खाली सोडायचा, आणि तेही रोज. ट्रकचे पाटे पहिल्याच दिवशी जातील. नौदलाच्या राफेलची चाकांची मांडणी म्हणूनच जास्त मजबूत, पुढचं चाक उंच आणि दणकट, सांगाडा ठिकठिकाणी भरीव, आणि शेपटाखाली मार सोसणारा लोखंडी आकडा. यानं वजन काहीशे किलोंनी वाढतं. हवाई दलासाठी ते वजन म्हणजे नुसतं ओझं, म्हणून त्यांचं राफेल हलकं ठेवलंय.

शिवाय खारी हवा. आमच्याकडं पत्र्याचं छप्पर वीस वर्षं टिकतं, कोकणात विचारून बघा. जहाजावरच्या विमानाला हे पाणी बारा महिने लागतं, त्यामुळे त्याला गंजाचा बंदोबस्तही वेगळाच. एक उणीवही सांगतो: राफेलचे पंख दुमडत नाहीत. नौदलाकडचं मिग-२९के पंख दुमडून बारा मीटरचं आठाच्या आत येतं, राफेल जागा खातं.

आकड्याचं काम काय, ते पाहू. डेकवर आडव्या तीन पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाचा आकडा त्यांतल्या एकीला अडकतो, तार ओढली जाते, आणि डेकखालची यंत्रणा तो सगळा जोर तेलाच्या दाबात जिरवते. कल्पना फार जुनी. १८ जानेवारी १९११ ला यूजीन एली नावाचा अमेरिकी वैमानिक 'पेनसिल्व्हेनिया' या जहाजावर ठोकलेल्या लाकडी फळ्यांवर उतरला, तेव्हा आडव्या दोऱ्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. वाळूच्या जागी तेल आलं, बाकी तत्त्व तेच.

तेजस या आपल्या देशी लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीनंही हे करून दाखवलं. ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते 'विक्रमादित्य'वर तार पकडून उतरवलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेजस नव्या विक्रांतवरही उतरलं. एका इंजिनाच्या जोरावर चढावरून पुरेसं ओझं नेता येत नाही म्हणून नौदलानं ते विमान ताफ्यासाठी घेतलं नाही. पण त्यातून शिकलेलं आता दोन इंजिनांच्या नव्या देशी विमानाच्या आराखड्यात कामी येतंय.

आम्ही मैदानावर फक्कीनं ९० मीटर आखले. मी म्हटलं, जहाजाच्या मानानं ताशी २०० नं आलेलं विमान एवढ्यात शून्यावर येतं, तीन सेकंदांच्या थोडं वर. पोरानं मनातल्या मनात तीन मोजले आणि रेषेच्या टोकाकडं बघत राहिला. मग विचारलं, "आन् तार हुकली तर?"

तार हुकणार असं धरूनच वैमानिक उतरतो. चाकं टेकली रे टेकली की तो इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोरावर नेतो. तार लागली तर ती इंजिनाला पुरून उरते. नाही लागली, तर विमान तसंच डेकवरून पुढं सुटून पुन्हा हवेत जातं आणि चक्कर मारून येतं. उतरायची पट्टी जहाजाच्या सरळ रेषेत नसून तिरपी असते ती यासाठीच, समोर उभ्या विमानांवर जाऊन आदळू नये म्हणून. पण तिरपी असल्यामुळे, जहाज पुढं जात असताना ती वैमानिकाच्या डोळ्यांसमोर सतत उजवीकडं सरकत राहते. आणि लाटेबरोबर वरखाली होते, ते वेगळंच.

"रात्री बी?"

रात्री बी. मे २०२३ मध्ये मिग-२९के विक्रांतवर पहिल्यांदा रात्री उतरलं. तेव्हा क्षितिज नसतं, पाणी आणि आभाळ एकच काळं. डेकच्या डाव्या कडेला दिव्यांची एक मांडणी असते. वैमानिक बरोबर उंचीवर असेल तर मधला दिवा बाजूच्या हिरव्या ओळीत दिसतो, वर असेल तर वर, खाली असेल तर खाली. शेवटची पंधरा-वीस सेकंदं तो तो दिवा ओळीत धरून ठेवतो, आणि चाकं आदळली की हात इंजिनाचा जोर पूर्ण पुढं ढकलतो.

पोरानं बूट पुन्हा बांधले आणि नव्वद मीटरच्या रेषेवर जाऊन उभा राहिला.